कोरमअभावी अर्धा तास तहकूब

रविवार, ९ जून २०२४

चार वर्षं चहाबरोबर चघळलेला विषय आज एकदाचा वहीत उतरला. कॉमिक्समधले सुपरहिरो घरगुती विनोदी मालिकेत घेतले तर कोणाला कुठली भूमिका? नुसत्या गप्पा बंद. एक भाग लिहायचा, २२ मिनिटांचा (अमेरिकेत अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वजा केल्या की साधारण एवढंच उरतं). गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्याचं अभिवाचन करायचं आणि मग नीट रेकॉर्ड करून ठेवायचं.

चौघं आहोत. लिहिणार मी आणि वर्तकनगरची चुलतबहीण, म्हणजे ताई. आवाज आणि यंत्रं मावसभावाकडे. संदर्भ शाळेतल्या मित्राकडे. कुठल्या अंकात कोण मेलं आणि कितव्या अंकात परत आलं हे त्याला पाठ असतं. घरचं लाइट बिल भरायचं तेवढं विसरतो.

‘हे आधीच झालंय’ हा आक्षेप पहिल्या दहा मिनिटांत आला. बरोबर आहे. २०२१ची वांडाव्हिजन, नऊ भाग, पहिला भाग तर कृष्णधवल आणि समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रित केलेला. ताईने तो निकालात काढला: “ती वांडा दुःख झालं म्हणून मालिकेत जाऊन राहते. आपल्याला दुःख नको, मेंटेनन्स हवा.”

डीसी आणि मार्व्हल एका बिल्डिंगमध्ये कसे, हा पुढचा. मित्र म्हणाला, १९७६मध्येच दोन्ही कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅनला एका अंकात आणलं होतं. त्यांना चाललं तर नौपाड्यात कोण अडवणार?

रविवार, १६ जून

एकोणीस नावांची यादी. पहिला खर्डा मी लिहिला आणि मीच फाडला. चार हिरो एक फ्लॅट शेअर करतात, सोफा, कॉफी. वाचताना चौघांनाही हसू आलं नाही. आपल्याकडे पस्तिशीचे चार जण सोफ्यावर दुपारभर बसले तर आई येऊन पंखा बंद करते.

जाताना जिन्याखालच्या बोर्डावर सेक्रेटरी काकांची जुनी नोटीस दिसली. वार्षिक सर्वसाधारण सभा, गेल्या सप्टेंबरची. तळाची ओळ दर वर्षी तीच असते (कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी): कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येईल व त्यानंतर त्याच ठिकाणी कोरमची अट न ठेवता घेण्यात येईल.

ताई बोर्डासमोरच उभी राहिली. अर्धा तास म्हणजे मालिकेचा एक भाग. एक जागा, सेट एकच, कोणी उठून जाऊ शकत नाही आणि करायला काहीही नाही. सुपरहिरोंची सोसायटी, सभेला एक डोकं कमी, आणि तो अर्धा तास. नाव ठेवलं ‘न्यायसदन’. कॉमिक्समधल्या हॉल ऑफ जस्टिसचं, म्हणजे सुपरहिरोंच्या मुख्यालयाचं, गोत्र लागतं आणि ठाण्यात कुठल्याही गल्लीत खपून जाईल.

रविवार, २३ जून

आज फक्त कोरमचा हिशोब. एवढा वेळ जाईल असं वाटलं नव्हतं.

मी धरलं होतं: बारा फ्लॅट, दोन तृतीयांश म्हणजे आठ. पानं काकांना दाखवली (हॉल त्यांच्याच हातात आहे, म्हटलं विश्वासात घ्यावं). त्यांनी पेन काढलं. “फ्लॅट कसले मोजता? सभासद मोजा.” ब्रूस वेनने तीन फ्लॅट घेतलेत, पण तो सभासद एकच आणि मत एकच. म्हणजे सभासद दहा, कोरम सात. शिवाय दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, तर त्यावर बिनभोगवटा शुल्क. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाही, २००१चा शासन निर्णय आहे. एवढं सांगून काका म्हणाले, हे नाटकात नाही आलं तरी चालेल. आलंच पाहिजे. कोट्यधीश बॅटमॅन दहा टक्क्यांवरून हुज्जत घालतो हे मला लिहून सुचलं नसतं.

यादीतून आजच दोघं गेले. मल्टिपल मॅन ऊर्फ जेमी मॅड्रॉक्सवर माझा फार जीव होता. अंगाला धक्का बसला की त्याच्या प्रती तयार होतात, म्हणजे एक टाळी वाजवली की कोरम भरला. आणि गोष्ट संपली. प्रोफेसर एक्सही तसाच. मनात शिरून सगळ्यांना खाली बोलावेल. ताईने फळ्यावर लिहिलं: ज्याची शक्ती कामाला येते तो बाहेर.

मग आत कोण राहिलं ते बघा. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, हजर आहे पण भाडेकरू, मोजता येत नाही. रीड रिचर्ड्स वर तिसऱ्या मजल्यावर प्रयोगात अडकलाय, त्याने फक्त हात लांबवून खिडकीतून सभेत सोडलाय. तो हात मोजायचा का? त्याची बायको सू पहिल्या मिनिटापासून खुर्चीवर बसलीय, कोणाला दिसलेली नाही, आणि दिसली तरी शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव दुसरं. दोघांचं मिळून मत एक. हा प्रवेश ताईने हट्टाने स्वतःकडे घेतला. फँटास्टिक फोर १९६१मध्ये आलं तेव्हा सूचं नाव ‘इनव्हिजिबल गर्ल’ होतं आणि ‘वुमन’ व्हायला १९८५ उजाडलं. मध्ये लग्न झालं, मुलगा झाला, तरी गर्लच. ताईने तिला एकच वाक्य दिलंय, तीनदा: “मी इथेच आहे.” तिसऱ्या वेळी हसू येत नाही. ते तसंच ठेवायचं म्हणते.

रविवार, ३० जून

मावसभावाला ताप. काम नाही. तलावपाळीला चक्कर, भेळ, वहीवर चिंचेचं पाणी सांडलं. ब्रूसची दोन पानं गेली, पण ती तशीही लांबली होती.

सोमवार, ८ जुलै

मुंबईत पहाटेच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. नाहूर-भांडुपच्या मध्ये दीड तास गाडीत उभा होतो. हाताशी मोबाइल, त्यामुळे नोंद गाडीतच.

सातवा सभासद बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश. हे आधीच ठरलंय आणि आमच्या पदरचं नाही. १९५६च्या ऑक्टोबरात ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात तो पहिल्यांदा आला तेव्हापासून बॅरी वेळ न पाळणारा माणूस आहे, प्रेयसी वाट बघून कंटाळते. जगातला सर्वांत वेगवान माणूस, आणि सभा त्याच्यामुळे खोळंबलीय. पण अडकला कुठे याचं कारण मिळत नव्हतं. खलनायकाने पकडलं म्हटलं की शौर्यकथा होते. विसरला म्हटलं की पचकतं.

आज डब्यात वाटलं, गाडीत अडकलाय. मुलुंडच्या पुढे. पण मग धावत का नाही येत? घरी पोचलो, ओले मोजे काढता काढता आईला विचारलं. गोष्ट तिला धड माहीत नाही. एवढंच की धावणारा माणूस लोकलने येतोय. आई कणीक मळत होती, वर न बघता म्हणाली, “पास काढला असेल त्याने.”

महिनाभर शोधत होतो ते हे. पास काढलाय, वाया कशाला घालवायचा?

रविवार, १४ जुलै

या प्रकल्पातला सगळ्यांत चांगला दिवस. बाकी सगळं फुकट गेलं तरी हे पान ठेवायचं.

सुरुवात भांडणाने. मी पीटरच्या घरच्या बाईंना ‘मे आत्या’ लिहिलं होतं. इंग्रजीत एकच आंट, काय फरक पडतो? मित्र तापला. बेन हा पीटरच्या वडिलांचा मोठा भाऊ, मे त्याची बायको; म्हणजे काकू. साधी, सरळ काकू. ‘मे काकू’ म्हटल्याबरोबर बाई आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. आत्या पाहुणी असते, काकू किल्ल्या सांभाळते. त्या सभासद नाहीत, मत नाही, पण सभेला पोहे त्यांचे आहेत आणि त्यामुळे सभा त्याच चालवतात.

मग मित्राने ठेवणीतलं काढलं. १९७४च्या एका अंकात या मे काकूंचं डॉक्टर ऑक्टोपसशी लग्न लागता लागता राहिलंय. खरंच; मांडवापर्यंत गेलं होतं. मराठीत याचा अर्थ असा की स्पायडरमॅन ज्याच्याशी मारामाऱ्या करतो तो त्याचा काका होता होता राहिला. तर आमच्या भागात डॉक्टर ऑक्टोपस गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम मागायला आलाय. सोसायटीला तीन कोटेशनं लागतात. त्याने तिन्ही स्वतःच आणलीत, तीन हातांत तीन, चौथ्या यांत्रिक हातात चहाचा कप. काकूंसमोर पीटरला तोंड सांभाळून बोलावं लागतं. “अहो काका, रात्री गच्चीवर भेटा ना.” एरवी या पोराची टिंगल धावत्या मारामारीतही थांबत नाही. इथे ‘अहो’ने दातखीळ बसलीय.

यावरूनच ताईला पुढचं दिसलं. आम्ही प्रत्येक जोडीसमोर लिहायला घेतलं, कोण कोणाला काय म्हणतं. पीटर डायनाला (म्हणजे वंडर वुमनला) ताई म्हणतो, क्लार्कला (म्हणजे सुपरमॅनला) दादा. आल्फ्रेड पन्नाशीच्या मालकाला ब्रूसबाबा. डायना सगळ्यांना अरे-तुरे, राजकन्याच ती. आणि क्लार्क-ब्रूस? शेजारी म्हणून एकमेकांना अहो-जाहो. ‘नमस्कार वेनसाहेब’, ‘या, केंट’. रात्री केप घातली की अरे-तुरे. क्लार्कचा तो चष्मा १९३८पासून टिकलाय. पण सभेत पंख्याचं पातं सैल होऊन ब्रूसच्या डोक्यावर येतं आणि क्लार्कच्या तोंडून जातं: “ब्रूस, सरक तू!”

शांतता. पातं शेजारच्या खुर्चीवर पडतं. त्याच्याकडे कोणी बघत नाही. काकूंच्या हातात पोह्यांचा डाव तसाच. “केंट, तुम्ही त्यांना ‘तू’ कधीपासून म्हणायला लागलात हो?”

इंग्रजीत हा प्रसंग लिहिताच येणार नाही. तिथे एकच यू. चष्म्याने जे लपलं ते एका ‘तू’ने उघडं पाडलं. मित्र दोन मिनिटं गप्प होता. नंतर म्हणाला, एवढ्या वर्षांत कुठल्याच खलनायकाला हे सुचलं नाही, कारण एकालाही मराठी येत नव्हतं.

रविवार, २८ जुलै

ब्रूस बॅनरवर अख्खी दुपार. मला शेवटी त्याचा हल्क करून हॉल मोडायचा होता. मावसभावाने आवाज करून बघितला: लाकडी पाट, स्टीलचं पिंप, दरवाजा. १९६६च्या बॅटमॅन मालिकेत ठोशाबरोबर पडद्यावर अक्षरं यायची. आपल्याकडे पडदा नाही, म्हणून मी ‘धडाम’ मोठ्याने वाचायचं. मोठ्या माणसाने पानावर बघून ‘धडाम’ म्हणणं फार केविलवाणं वाटतं. करून बघा.

शेवटी उलटं केलं. बॅनर सेक्रेटरी आहे आणि संपूर्ण भागात हिरवा होतच नाही. (पहिल्या अंकात, १९६२मध्ये, तो राखाडी होता, छपाईत तो रंग एकसारखा उतरेना म्हणून पुढे हिरवा केला. मित्राने हे तीनदा सांगितलं, म्हणून नोंद.) त्याला राग येईल या भीतीने सोसायटीत कोणी विरोधच करत नाही. पाणीपट्टी वाढली, एकमताने मंजूर. लिफ्ट बंद, एकमताने. बिचारा रडकुंडीला आलाय: “अहो, कोणीतरी नाही म्हणा! निदान मिनिट्समध्ये एक हरकत येऊ दे!” सगळे हळू आवाजात: “छे छे, छान चाललंय.” सेक्रेटरी काका हे वाचताना जरा जास्तच वेळ थांबले.

रविवार, ४ ऑगस्ट

काकांनी बोलावून घेतलं. माळ्यावरून पेटी खाली काढली होती. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्स, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, कडा वाळवीने कुरतडलेल्या. “तुमच्या सगळ्या फौजेत वेताळ कुठाय?”

लाज वाटली. ली फॉकचा फँटम, १९३६पासूनचा. इंद्रजाल १९६४मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या मराठी अंकांतून तो आपल्याकडे वेताळ होऊन आला. आमच्या आधीच्या पिढीचा पहिला मुखवट्याचा माणूस हाच. मित्र कुरकुरला, याला शक्ती कुठाय? नाहीच. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जगाला वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. हा एकविसावा.

काकांनी जे पुढे सांगितलं ते जसंच्या तसं घेतलंय. “म्हणजे शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफरच झालेलं नाही.” वारसनोंद नाही, नॉमिनेशन नाही, मृत्यूचा दाखला तर कधीच नाही. सभासद म्हणून ज्याचं नाव लागलंय तो गेला, आणि जो समोर बसलाय तो म्हणतो मी तोच. त्याला मोजलं तर कोरम भरतो; मोजायचा तर मेल्याचं कबूल करून नव्याने अर्ज करायचा; आणि मेल्याचं कबूल केलं तर वेताळ कसला? अंतर्गत हिशेब तपासनीस डायना आहे, तिच्याकडे खरं बोलायला लावणारा पाश. वेताळ पाशात हात घालायला तयार नाही.

बिनशक्तीचा एकटा आला आणि भागाचा मधला भाग उभा राहिला. रीडचा हात, डायना, दोन ब्रूस, क्लार्क आणि मंगळावरचा जॉन असे सहा धड मोजता येणारे. बाकी हॉल भरलेला, आणि कोरम नाही.

जॉनचं काम छोटं पण माझं आवडतं. क्लार्कला बॅरीची गाडी कुठे आहे ते ऐकू येतंय, पण सांगितलं तर कसं कळलं हे सांगावं लागेल. जॉन मन वाचतो, त्यामुळे क्लार्कला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. दोघं एकमेकांकडे बघतात आणि जॉन क्रीमची बिस्किटं खातो. कॉमिक्समध्ये तो ओरिओवर मरतो, म्हणून पुडा तोच.

रविवार, १८ ऑगस्ट

तालीम. ३४ मिनिटं. बारा कापायची. बिनभोगवटा शुल्क अर्धं कापलं, काकांना सांगितलेलं नाही.

हसण्याचा प्रश्न. रेकॉर्डिंगमध्ये हशा हवा की नको? मावसभावाने माहिती काढली. १९५१मध्ये ‘आय लव्ह ल्युसी’ तीन कॅमेरे लावून खऱ्या प्रेक्षकांसमोर करायचे. पण जिथे प्रेक्षक नसत तिथे चार्ली डग्लस नावाचा ध्वनी अभियंता स्वतः बनवलेली पेटी घेऊन यायचा. पट्ट्या दाबल्या की हवा तसा हशा. मावसभावाने तयार हशा डाउनलोड करून ‘पास काढलाय’च्या मागे लावला. ऐकल्यावर ताई म्हणाली, “ही माणसं आपली नाहीत.”

खरं आहे. आपल्या हॉलमधल्या हशाला शेपूट असतं. पहिली लाट येते, मग कोणीतरी शेजारच्या आजोबांच्या कानात सांगतं, “पास काढलाय म्हणाला”, आणि दोन सेकंदांनी आजोबा एकटे हसतात. त्यावर बाकीचे पुन्हा. गडकरीला वरच्या बाल्कनीत बसून हे कितीदा ऐकलंय. ते शेपूट टेपवर हवं. म्हणजे ८ तारखेला हॉलमध्ये रेकॉर्डर लावायचा.

रविवार, १ सप्टेंबर

गाद्या उभ्या करून बेडरूममध्ये पात्रांचे आवाज रेकॉर्ड केले. चौघांत अकरा पात्रं. कुकरच्या शिट्ट्या चार, त्यातली एक वेताळाच्या वाक्यावर बरोबर बसलीय, ती ठेवली. मे काकू आईने केली. दोन टेक. आम्हाला प्रत्येकी नऊ लागले.

रविवार, ८ सप्टेंबर

काल गणपती बसले, आज अभिवाचन. स्टिल्टमधल्या पार्किंगमध्ये सतरंज्या, मागे खुर्च्या. वेळ साडेआठ, सुरू सव्वानऊला, कारण माणसं नव्हती. दहाला माइक बंद करायचा म्हणून तिसरं पान गाळलं.

पोरांना स्पायडरमॅनच हवा होता. त्याने भिंतीवर चढावं अशी मागणी झाली. ‘सरक तू’ला अपेक्षेपेक्षा बायकांच्या बाजूने जास्त हशा. डॉक्टर ऑक्टोपसची तीन कोटेशनं आल्यावर मागच्या खुर्च्यांवर लोक काकांकडेच बघायला लागले, त्यांनी नमस्कार केला. सूच्या तिसऱ्या ‘मी इथेच आहे’ला कोणी हसलं नाही. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली.

आणि शेवट. गोष्टीत साडेदहा वाजतात, बॅनर जाहीर करतो की आता कोरमची गरज नाही, त्याच क्षणी घामाघूम बॅरी दारात. धावत का नाही आलास? “पास काढलाय ना.” लाट आली, शेपूटही आलं. तळमजल्यावरच्या आजींना सुनेने सांगितलं, आणि आजी म्हणाल्या, “फर्स्ट क्लासचा असेल.”

रात्री साडेबाराला फाइल ऐकली. बाजूच्या गल्लीत ढोलपथक होतं. रेकॉर्डर मावसभावाने खांबाला बांधला होता, पंख्याच्या बरोबर खाली. ढोल, पंखा, आणि फार दूर कुठेतरी माणसं असावीत असा आवाज. आजी तर नाहीतच.

रविवार, १५ सप्टेंबर

दोन तास फाइल साफ करायचा प्रयत्न. ढोल काढला की हसणंही जातं. अंतिम प्रत हशाशिवाय, २३ मिनिटं १० सेकंद. उसना माइक परत केला.

रविवार, २९ सप्टेंबर

नोंदी बंद करणार होतो, एवढीच राहिली.

आज आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. उद्या मुदत संपते, म्हणून नेहमीप्रमाणे शेवटच्या रविवारी. २८ सभासद, कोरम १९. दहा वाजता काकांनी डोकी मोजली, सतरा. पाच मिनिटं थांबले, परत मोजली, सतराच. चष्मा काढून रजिस्टर मिटलं आणि तोंड उघडलं, “कोरमअभावी सभा...”

मागून कोणीतरी म्हणालं, “बॅरीला फोन लावा.”

काका आधी हसले. मग सगळे. आजींच्या सुनेने वाकून त्यांना सांगितलं, दोन सेकंद गेले, आणि मग आजी. बाहेर ढोल नव्हता, लाइट गेल्यामुळे पंखेही बंद होते. मी मावसभावाकडे बघितलं. रेकॉर्डर घरी होता.